कराराची प्रत चावडीवर लावा

टोलच्या बाजूचा एक युक्तिवाद आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो वादाचा मुद्दा आहे हेच लोक विसरून गेले आहेत. चांगला रस्ता हवा तर पैसे मोजा. सरकारच्या तिजोरीत पैसा नाही. खासगी कंपनी स्वतःचा पैसा घालते, जोखीम उचलते, रस्ता बांधते, ठरलेली वर्षे टोल घेते आणि मग रस्ता सरकारच्या हवाली करते. ज्याला हे मान्य नाही त्याला सगळे फुकट हवे आहे. नितीन गडकरी ही भूमिका मंत्री म्हणून वर्षानुवर्षे उघडपणे मांडत आले आहेत आणि ती शहरातल्या बऱ्याच लोकांना पटतेही. द्रुतगती मार्गाने भरभर पुण्याला पोहोचणारा माणूस टोलच्या रकमेवर कुरकुरतो, पण मनातून त्याला तो व्यवहार रास्तच वाटतो.

हाच युक्तिवाद आता रायगडच्या दारात नव्याने येऊन उभा आहे. विरार–अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणजे बीओटी तत्त्वावर उभारायला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. तिचा पहिला टप्पा वसईजवळच्या नवघरपासून पेण तालुक्यातल्या बलवलीपर्यंत येतो. पेण आज मुंबई महानगर प्रदेशाचा भाग आहे. म्हणजे महानगराचा टोलरस्ता, दीर्घ मुदतीचा करार आणि सरकारने घेऊन दिलेली जमीन, हे सगळे पेणपर्यंत पोहोचणार आहे. त्या करारावर सह्या करणाऱ्यांनी आधी याच जिल्ह्यातल्या जुन्या कराराचे काय झाले ते पाहावे. त्यासाठी फार लांब जायला नको. रोहा तालुक्यातल्या खांब गावापर्यंत गेले तरी पुरे.

मुंबई–गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकले की सुकेळी खिंड लागते. खिंड उतरले की खांब, मग पुई आणि पुढे कोलाड. इथला माणूस नोकरीला नागोठण्याकडे किंवा धाटावच्या एमआयडीसीत जातो, बाजाराला कोलाडला, तहसीलच्या कामाला रोह्याला. मोठे दुखणे निघाले तर पेण, पनवेल, मुंबई. खिंडीपलीकडे जायचे तर महामार्गाशिवाय दुसरा सरळ रस्ता नाही. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला हा रस्ता वर्षातून दोन-तीनदा लागतो, खांबच्या मिनीडोअरवाल्याला आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तो रोज लागतो.

या महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०११ मध्ये बीओटी तत्त्वावर दिले. सुप्रीम इन्फ्रास्ट्रक्चर आणि महावीर या कंपन्यांनी त्यासाठी वेगळी कंपनी काढली. खर्चाचा अंदाज सुमारे ९४२ कोटींचा होता. डिसेंबर २०११ मध्ये काम सुरू झाले आणि २०१४ च्या मध्यापर्यंत ते संपायचे होते. रस्ता झाला की कंपनीने टोल घ्यायचा आणि गुंतवणूक वसूल करायची, असा तो सरळ हिशेब. कागदावर हा आदर्श करार होता. टोलच्या समर्थकांना हवे ते सगळे त्यात होते.

२०१४ संपले, २०१८ आले, २०२२ आले आणि रस्ता अर्धवटच राहिला. मुंबई उच्च न्यायालयात अॅड. ओवैस पेचकर यांची जनहित याचिका उभी राहिली. त्याच्याही आधीपासून रायगडचे पत्रकार एस. एम. देशमुखांच्या पुढाकाराने याच महामार्गासाठी रस्त्यावर उतरत होते. न्यायालयापुढे नव्या-नव्या मुदती दिल्या गेल्या आणि त्या उलटून गेल्या. एका बाजूला उखडलेली जुनी डांबरी पट्टी, दुसऱ्या बाजूला भराव घालून सोडून दिलेली नवी, मध्येच अर्धवट पूल आणि वळणे. पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात धूळ. अपघातात माणसे गेली, घरातली कमावती माणसे गेली. या काळात खांबच्या लोकांनी जे सोसले त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.

आता जोखमीचे बोलू. बीओटीचा सारा नैतिक आधार या एका शब्दावर उभा आहे. कंपनी जोखीम घेते म्हणून तिला नफा, असे सांगितले जाते. पळस्पे–इंदापूरमध्ये कंपनीची आर्थिक ओढाताण सुरू झाली, बँकांनी हात आखडता घेतला आणि काम थंडावले. तेव्हा प्रकल्प पुढे रेटण्यासाठी प्राधिकरणाने स्वतःचा सुमारे ५४० कोटींचा निधी ओतायचे ठरवले. तरीही गाडी रुळावर आली नाही. शेवटी पळस्पे–कासू आणि कासू–इंदापूर असे दोन तुकडे करून उरलेले काम सरकारी पैशातून, साध्या ठेक्याने नव्या कंत्राटदारांना द्यावे लागले. खांब यातल्या दुसऱ्या तुकड्यात येते. म्हणजे बांधकाम फसण्याची जोखीम सरकारवर आली, कर्ज बुडण्याची जोखीम मुख्यतः सार्वजनिक बँकांवर आली आणि रोज त्या रस्त्याने जाण्याची जोखीम गावावर आली.

भूसंपादनाला उशीर झाला, कर्नाळा अभयारण्यातून रस्ता नेण्याच्या परवानग्या रखडल्या, हे खरे आहे आणि त्याचा सगळा दोष कंपनीवर टाकता येत नाही. पण हे कारण टोलवाल्यांच्या बाजूचे नाही. जमीन हातात नसताना, वनखात्याची परवानगी हातात नसताना करार करून काम सुरू करणारे सरकारच होते. करार घाईने होतो, कारण करार झाला म्हणजे प्रकल्प झाला अशी घोषणा करता येते. शिवाय अशा करारांत बांधकाम चालू असतानाही जुन्या रस्त्याची देखभाल कंपनीनेच करायची असते. त्यामुळे कंपनी थकली की जुना रस्ताही पोरका होतो. तो आपला नाही म्हणून सार्वजनिक बांधकाम खाते हात लावत नाही, आणि ज्याचा आहे त्याच्याकडे पैसा नसतो. महामार्गावरचे खड्डे या तरतुदीतून जन्मले आहेत, हे फार थोड्यांना सांगितले गेले.

दुसरा दावा असा, की खासगी पैसा नसता तर रस्ते झालेच नसते. महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग हा टोलवाद्यांचा सर्वांत लाडका दाखला. तो खासगी कंपनीने बांधलेला नाही. १९९५ नंतर युती सरकारच्या काळात गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना रिलायन्सची सुमारे ३,६०० कोटींची निविदा आली होती. ती नाकारून, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने रोख्यांतून पैसा उभारला आणि त्याच्या निम्म्या खर्चात हा मार्ग केला. गडकरी ही गोष्ट स्वतः अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान योग्य आहे. त्या गोष्टीचा अर्थ मात्र एवढाच निघतो की, सरकारी महामंडळाने नीट काम केले तर ते खासगी निविदेपेक्षा स्वस्तात, वेळेत रस्ता बांधू शकते.

खासगी कंपनी त्या रस्त्यावर आली ती बांधून झाल्यावर. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन टोलवसुलीचे हक्क पंधरा वर्षांसाठी आयआरबीच्या कंपनीला दिले गेले. ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी पुन्हा आयआरबीकडेच हक्क गेले, तेव्हा रक्कम होती ८,२६२ कोटी. २००४ च्या करारात जुन्या महामार्गाची जबाबदारीही होती, मधल्या काळात वाहने वाढली, टोलचे दर दर तीन वर्षांनी १८ टक्क्यांनी चढत गेले, हे सगळे जमेस धरले तरी हे दोन आकडे शेजारी ठेवून विचारायलाच हवे: पहिल्या वेळी पंधरा वर्षांचे उत्पन्न इतक्या कमी किमतीला का विकले? मार्गाचा खर्च किती वसूल झाला, वाहने किती मोजली गेली, याची माहिती काढायला पुण्याच्या विवेक वेलणकरांसारख्या कार्यकर्त्यांना माहितीच्या अधिकाराचे अर्ज वर्षानुवर्षे करावे लागले. सार्वजनिक रस्त्याचा जमाखर्च नागरिकाने झगडून मिळवायचा, ही गोष्टच मुळात चूक आहे.

शहरांमध्ये हा प्रश्न अधिक उघडा पडतो, कारण शहरातला माणूस टोलरस्ता टाळू शकत नाही. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी असे नाके बसले ते शहरातल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी. पूल झाले, वर्षे गेली, नाके राहिले. २०१० मध्ये २,१०० कोटी एकरकमी घेऊन ही वसुली एमईपी कंपनीला सोळा वर्षांसाठी दिली गेली. मग १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांना टोलमाफी दिली. ठाणे, नवी मुंबईच्या लोकांना दिलासा मिळाला आणि तो त्यांच्या हक्काचाच होता. पण करार तसाच राहिला. सरकारने माफी दिली की बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई ठेकेदाराला सरकारी पैशातून किंवा वाढीव मुदतीतून मिळते, हे अशा करारांत ठरलेलेच असते. लोकांना माफी दिसते, भरपाई दिसत नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना पास देऊन टोल सोडतात त्याचेही तेच. सणापुरती मेहेरबानी करता येते, कारण मूळ कराराला कुणी हात लावत नाही.

कोल्हापूरने मात्र हात लावला. तिथे शहरातल्याच सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम २२० कोटींच्या प्रकल्पात आयआरबीच्या कंपनीला दिले गेले. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असा तिघांचा करार. वसुली तीस वर्षे. शहराभोवती नऊ नाके. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोल सुरू झाला. रस्ते अपुरे, निकृष्ट, अर्धवट आहेत ही लोकांची तक्रार होती, आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, आपल्याच गावात येण्या-जाण्याचे पैसे तीस वर्षे का द्यायचे? एन. डी. पाटील, गोविंद पानसरे, निवास साळोखे अशा माणसांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही, पण कृती समितीचा मोर्चे, सभा, निवेदने यांचा खरा लढा त्या जाळपोळीहून कितीतरी मोठा आणि शिस्तीचा होता. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये वसुलीला स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, वसुली परत सुरू झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला कोल्हापूरचा टोल रद्द करावा लागला. रस्त्यांचे फेरमूल्यांकन करून कंपनीला मोबदला देण्याची जबाबदारी सरकारने घेतली.

टोलचे समर्थक इथे म्हणतात, पाहा, लोकांच्या दांडगाईपुढे करार मोडला, गुंतवणूकदार पळून जातील. करार पाळला पाहिजे, यात वाद नाही. पण करार कोणी, कुणाच्या वतीने आणि कोणत्या अटींवर केला हे विचारायचेच नाही का? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गाच्या खटल्यात मिळाले आहे.

यमुनेवरचा हा सव्वानऊ किलोमीटरचा रस्ता आयएल अँड एफएसच्या नोएडा टोल ब्रिज कंपनीने बांधला. करार १९९७ चा, वाहतूक २००१ पासून सुरू. करारात कंपनीला प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेल अशी हमी होती. एखाद्या वर्षी तेवढा परतावा मिळाला नाही तर तूट पुन्हा प्रकल्पखर्चातच मिळवायची. म्हणजे लोक टोल भरत राहणार आणि वसूल करायची रक्कम दरवर्षी फुगत जाणार. नोएडाच्या रहिवासी संघांच्या महासंघाने २०१२ मध्ये याचिका केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय कायम केला. कंपनीने आपला खर्च आणि भरपूर नफा केव्हाच वसूल केला आहे, त्यामुळे पुढे टोल घ्यायचे कारण उरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कंपनीची निवड स्पर्धात्मक निविदेने झालेली नव्हती, यावरही बोट ठेवले. करार सही-शिक्क्याचा होता, दोन्ही बाजूंना मान्य होता आणि तरीही तो अन्यायाचा होता. कारण ज्या तिसऱ्याच्या खिशातून पैसे जाणार होते त्याला त्यात जागाच नव्हती.

कोकणाला ही रचना नवी नाही. सरकारच्या सनदेवर गावाचा सारा गोळा करणारा खोत इथल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला आहे. कुळाने किती द्यायचे, किती दिले, किती बाकी राहिले, याची वही खोताकडे असे. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून वर्षानुवर्षे संप चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. टोलची कंपनी म्हणजे खोत नव्हे. ती निविदा भरून येते, तिची मुदत ठरलेली असते, ती रस्ता बांधते किंवा सांभाळते. एका बाबतीत मात्र फरक नाही. सरकारने दिलेला वसुलीचा हक्क आणि वसुलीची वही या दोन्ही गोष्टी एकाच हातात आहेत, आणि पैसे भरणाऱ्याला वही बघायला मिळत नाही.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने टोरोंटोजवळचा ४०७ क्रमांकाचा महामार्ग १९९९ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सुमारे ३.१ अब्ज कॅनेडियन डॉलरना देऊन टाकला. पुढच्या सरकारने टोलवाढ रोखायचा प्रयत्न केला तेव्हा कळले की करारात तो अधिकारच ठेवलेला नाही. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या खासगी टोल मार्गिकांच्या करारात अशी अट होती की, शेजारचा फुकट रस्ता सरकारने वाढवायचा नाही. गर्दी वाढली, रस्ता रुंद करता येईना. अखेर २००३ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २० कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो करारच विकत घेतला. आपल्याकडच्या नमुना करारांतही समांतर रस्त्यांवर मर्यादा घालणाऱ्या अटी असतात. विरार–अलिबाग मार्गिकेच्या करारात अशी अट येणार असेल, तर तिचा परिणाम पेण–पनवेल पट्ट्यातल्या प्रत्येक गावरस्त्यावर होऊ शकतो. ती अट आज वाचायला मिळाली पाहिजे, वीस वर्षांनी न्यायालयात नव्हे.

‘वापरेल तो भरेल’ हे तत्त्व मात्र नुसते झटकून टाकण्यासारखे नाही. कोकणात कधी न जाणाऱ्या गडचिरोलीच्या शेतमजुराने मुंबई–गोवा रस्त्याचा खर्च का उचलावा, हा प्रश्न रास्त आहे. पण ‘वापरेल तो’ आधीच भरतो आहे. गाडी घेताना वाहनकर, आणि प्रत्येक लिटर पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यापासून हा उपकर आहे, २०१८ पासून तो रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर म्हणून घेतला जातो. जास्त फिरणारा जास्त इंधन जाळतो, जास्त भरतो. त्यावर टोल घ्यायचा असेल तर जास्तीचे काहीतरी मिळाले पाहिजे: नवा रस्ता, वाचलेला वेळ, आणि नको असेल तर दुसरा मार्ग. द्रुतगती मार्ग ही नवी सोय होती. खांबपुढून जाणारा रस्ता पिढ्यानपिढ्यांचा आहे. तो लोकांच्या पैशातून बांधला, लोकांच्या जमिनीवरून गेला. तो रुंद करून त्यावर टोल बसवला, तर खांबच्या माणसाला नव्या सोयीबरोबर जुना हक्कही विकत घ्यावा लागतो.

नियम त्याच्या बाजूने फार थोडे आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या शुल्क नियमांत नाक्यापासून २० किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना सवलतीचा मासिक पास आहे. तो खासगी, बिनव्यापारी गाडीला मिळतो. मिनीडोअर, टेम्पो, दूध-भाजीची पिकअप यांना त्याचा उपयोग नाही, आणि गावातली खरी वाहने तीच आहेत. त्याच नियमांत पूर्वी तरतूद होती की खर्च वसूल झाला की दर ४० टक्क्यांवर आणायचा. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीने ती आशाही काढून घेतली. आता पूर्ण दराने वसुली चालूच राहू शकते. आणि नमुना करारानुसार ७५ टक्के लांबी पूर्ण झाली की तात्पुरता दाखला घेऊन टोल सुरू करता येतो. उरलेल्या २५ टक्क्यांत कोणाचा पूल, कोणाचा सेवा रस्ता, कोणाच्या शाळेपुढचा भुयारी मार्ग अडकला आहे, हे ती टक्केवारी सांगत नाही.

राजापूर तालुक्यातल्या हातिवले नाक्यावर हेच घडले. महामार्ग ठिकठिकाणी रखडलेला असताना डिसेंबर २०२२ मध्ये तिथे वसुली सुरू झाली, लोकांच्या विरोधाने थांबली, एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबवावी लागली. आंदोलकांना फुकटे म्हणणाऱ्यांनी मग सर्वोच्च न्यायालयालाही तेच म्हणावे. केरळमधल्या पलियेक्कारा नाक्याची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खराब रस्त्यामुळे थांबवली. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा भूषण गवई सरन्यायाधीश होते. त्यांच्या खंडपीठाने दाद दिली नाही. कर भरलेल्या नागरिकांनी खड्ड्यांतून वाट काढण्यासाठी आणखी पैसे का द्यायचे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. खांबचा माणूस वेगळे काय म्हणतो?

फास्टॅगने आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेल्या वार्षिक पासाने नाक्यावरची रांग कमी झाली, हे चांगलेच झाले. पण रांग हा मूळ प्रश्न नव्हता. उलट आता प्रत्येक वाहनाची नोंद संगणकात होते, त्यामुळे वसुलीचा रोजचा आकडा लपवायला कोणतीच अडचण सांगता येणार नाही. किती वाहने गेली, किती रक्कम जमली, प्रकल्पखर्चातले किती फिटले, किती बाकी आहे, हे नाक्यावरच्या फलकावर दर महिन्याला लिहिता येते. लिहीत नाहीत, कारण लिहायचे ठरवलेले नाही.

पेण तालुक्याला अशा बाबतीत लोकांना विचारण्याचा अनुभवही आहे. महामुंबई सेझसाठी रिलायन्सला जमीन द्यायची ठरली तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मतदान घेतले. त्या लढ्यात पुढे असलेले एन. डी. पाटील पुढे कोल्हापूरच्या टोललढ्यातही होते. सेझ उभे राहिले नाही. करार आणि जमीन हे तज्ज्ञांचे विषय आहेत, गावाला त्यातले काय कळते, असे तेव्हाही सांगितले गेले होते. गावांनी कागद वाचले, वकील लावले, आकडे पाठ केले.

पळस्पे–इंदापूर पट्ट्यावर टोल सुरू होण्याआधी आणि विरार–अलिबाग मार्गिकेच्या करारावर सही होण्याआधी तेच करायचे आहे. मूळ कराराची मराठी प्रत ग्रामपंचायतीत लावावी. त्यात भरपाईच्या, मुदतवाढीच्या, समांतर रस्त्यांच्या आणि देखभालीच्या अटी वेगळ्या काढून द्याव्यात. जुन्या कराराने अर्धवट सोडलेल्या कामावर सरकारने आजवर किती खर्च केला तो आकडा सांगावा, आणि तो पुन्हा टोलमधून वसूल करणार का, तेही. सेवा रस्ते, भुयारी मार्ग, एसटीचे थांबे आणि पूल पूर्ण झाल्याचा दाखला त्या-त्या गावच्या ग्रामसभेने द्यावा आणि त्याआधी एकही नाका उघडू नये. स्थानिक सवलत मिनीडोअर आणि छोट्या मालवाहू गाड्यांना लागू करावी. खर्च फिटल्याचा आकडा ज्या दिवशी गाठला जाईल त्या दिवशी वसुली थांबेल, असे करारातच लिहावे.

महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ आणि अलिबागचे जिल्हाधिकारी कार्यालय, तिघांनाही हे आजच्या कायद्यात राहून करता येते. २००८ मध्ये याच जिल्हाधिकारी कार्यालयाने २२ गावांत मतदान केंद्रे मांडली होती. खारपाडा, वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड इथल्या ग्रामसभांत एक करार वाचून दाखवायला त्याहून कितीतरी कमी माणसे लागतील, आणि येत्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेत तो विषय घालण्याची मागणी कोणत्याही गावाला उद्याच लेखी करता येईल.